दाखला आणि दाखिला : सौंसर-पांढुर्ण्याच्या बिनकागदी विद्यार्थ्यांचा इतिहास

प्रवेश करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून निघालेला एक शब्द फारसीच्या वाटेने आपल्या देशात आला आणि दोन भाषांत दोन अर्थांनी स्थिरावला. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र, पुरावा. हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे शाळा-महाविद्यालयातला प्रवेश. पुण्यात वा भोपाळात या भेदाचे कोणाला सोयरसुतक नाही. सौंसर आणि पांढुर्णा येथे मात्र दोन्ही शब्द एकाच मुलाच्या तोंडी असतात, कारण त्याचे घर मराठी आणि त्याचे महाविद्यालय हिंदी. दरवर्षी जून-जुलैत त्याला दाखिला हवा असतो आणि त्यासाठी दाखला लागतो. तो दाखला मिळण्याची वाट १९५० सालाकडे जाते, आणि १९५० साली त्याच्या गावाचे राज्य, राजधानी व राजभाषा तिन्ही वेगळी होती.

अमेरिकेत ज्यांच्यापाशी वास्तव्याचा कायदेशीर कागद नाही अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र संज्ञा रूढ झाली आहे. मराठीत तिला नेमका शब्द नाही. आम्ही येथे ‘बिनकागदी’ हा साधा शब्द वापरतो. दोन्हींतला भेद आरंभीच सांगितला पाहिजे. आमच्या भागातील विद्यार्थी भारताचे नागरिक आहेत, त्यांना कोणी देशाबाहेर घालवणार नाही. त्यांच्यापाशी आधार आहे, समग्र आयडी आहे, मतदान ओळखपत्रही आहे. नसतो तो जातीचा दाखला, किंवा मूल निवासी प्रमाणपत्र, किंवा दोन्ही कागदांवरील नावे एकमेकांशी जुळणे. पण त्या एका कागदावाचून शिष्यवृत्ती अडते, वसतिगृहातली खोली जाते, शुल्काची सवलत जाते, आणि मुलगा शिकत असतानाच आपण येथले नाही असे त्याला वाटू लागते. या वाटण्याचा इतिहास आहे, आणि तो भाषेच्या इतिहासाशी बांधलेला आहे.

भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. छिंदवाडा जिल्ह्यात तेव्हा दोनच तहसिली होत्या : घाटावरची छिंदवाडा आणि घाटाखालची सौंसर. घाटावर हिंदी आणि गोंडी, घाटाखाली मराठी, अशी ही सरळ नैसर्गिक विभागणी. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात नागपुरी बोलीचा पसारा नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही, तो उत्तरेस छिंदवाड्याकडे जातो. कन्हान आणि जाम या नद्यांच्या काठची ही बोली आजही ‘मले’, ‘तुले’ म्हणते. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा या जुन्या अरुंद मार्गावर. बाजार, दवाखाना, कचेरी, सोयरीक सगळे नागपूर, काटोल, नरखेड, वरूड या दिशेचे.

स्वातंत्र्यानंतर या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. त्या राज्याने १९५० साली राजभाषेचा कायदा केला आणि हिंदी व मराठी या दोघींना राज्याच्या भाषा म्हणून मान्यता दिली. हे वाक्य आमच्या तरुण वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे, कारण भोपाळच्या राज्यात वाढलेल्यांना ते खोटे वाटते. त्याच वर्षी १० ऑगस्टला अनुसूचित जातींचा आणि ६ सप्टेंबरला अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. आज जातीचा दाखला मागणाऱ्या विद्यार्थ्याला आपले पूर्वज या तारखांना सध्याच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीत राहत होते असे दाखवावे लागते. म्हणजे ज्या वर्षाचा पुरावा मागितला जातो त्या वर्षी मराठी ही या राज्याची राजभाषा होती. आणि त्या वर्षाचा मराठी कागद आज खिडकीवर ठेवला की तो परभाषेचा ठरून त्याचे हिंदी भाषांतर मागितले जाते. (इतर मागास वर्गांसाठी पुराव्याचे वर्ष १९८४ धरतात. ती यादी रामजी महाजन आयोगाच्या मागून आली. सीमाप्रश्नाच्या वाचकाला महाजन म्हटले की न्यायमूर्ती मेहरचंद महाजनच आठवतात, म्हणून हा खुलासा.)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. जुन्या मध्य प्रदेशातले बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी जिल्हावार झाली. खेडे हा घटक धरावा हे आपले सर्व सीमाभागांतले जुने मागणे. येथे तर तहसील हा घटक धरला असता तरी पुरे होते. छिंदवाडा जिल्हा एक म्हणून उचलला गेला आणि घाटाखालचा मराठी मुलूख घाटाबरोबर गेला. पुढे नव्या मध्य प्रदेशाने १९५७ च्या राजभाषा कायद्याने एकट्या हिंदीला राजभाषा केले.

या रेषेने कागदांचे काय झाले ते पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, सौंसरचा एक महार किंवा गोंड तरुण १९५० साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होता. तेव्हा तो आपल्याच राज्याच्या राजधानीत होता. १९६० नंतर केव्हातरी तो गावी परतला, येथेच वारला. त्याचे गाव, त्याची भाषा, त्याची जात, काहीच बदलले नव्हते. पण आज त्याची नात बी.एस्सी.ला प्रवेश घेताना १९५० चा पुरावा शोधते तेव्हा आजोबांच्या नावाचा कागद नागपुरात सापडतो आणि तो ‘दुसऱ्या राज्याचा’ ठरतो. ती महाराष्ट्रात गेली तर तेथेही तिला परप्रांतीय म्हणतात. एका राज्यातली अनुसूचित जात वा जमात दुसऱ्या राज्यात आपोआप तशी मानली जाणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ साली सांगितले, आणि २०१८ साली घटनापीठाने पुन्हा सांगितले. स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्याला हा न्याय समजण्यासारखा आहे. आमच्या लोकांनी मात्र स्थलांतर केलेलेच नाही.

न्यायालयाला हा फरक अगदी दिसला नाही असे नाही. छिंदवाडा जिल्ह्यातून महाराष्ट्रात नोकरीस गेलेल्या एका हलबा कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, २००४ च्या विधिवृत्तांत छापलेल्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने अशा आशयाचे म्हटले की एकच जमात राहत असलेला एकच प्रदेश राज्यपुनर्रचनेने दुभंगला आणि ती जमात दोन्ही राज्यांत मान्य असली तर लाभ तुटावा का, हा प्रश्न साध्या स्थलांतराहून निराळा आहे. आमच्या मते या जिल्ह्याविषयी न्यायालयात उच्चारलेले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि सौंसरच्या किती वकिलांना ते ठाऊक आहे याची आम्हांस शंका आहे. पुढे २०२१ साली बिहार-झारखंडच्या संदर्भात त्याच न्यायालयाने ठरवले की विभाजनात सापडलेल्या मनुष्याला दोन्हींपैकी एका राज्यात लाभ मागता येईल, एकाच वेळी दोन्हींत नाही. तो निर्णय २००० च्या बिहार पुनर्रचना कायद्यातील संरक्षक कलमाच्या आधारे आला. १९५६ च्या विभाजनात सापडलेल्यांच्या वाट्याला तसा स्पष्ट निर्णय आलेला नाही.

येथे बेळगावचीही आठवण ठेवली पाहिजे. कर्नाटकातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वेगळी तरतूद आहे. ती तेथल्या लोकांनी लढून मिळवली, आम्हांस तिचा आनंदच आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी विद्यार्थ्यासाठी अशी ओळ कोठेही नाही. त्याने दहावी गावी आणि बारावी नागपुरात केली तर वैद्यकीय शाखेच्या महाराष्ट्र कोट्यातून तो गळतो, कारण तेथे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या लागतात.

आता १९५६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व दिली. नागपूर तेव्हा सौंसरच्या महारांची राजधानी होती, पुरी सत्तरएक किलोमीटरवर. अठरा दिवसांनी ती परराज्यात गेली. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा लाभ हिंदू धर्मीयांपुरता, व १९५६ पासून शिखांनाही, असा होता. बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. मधली ३४ वर्षे ज्याने शाळेत प्रामाणिकपणे ‘बौद्ध’ लिहिले त्याने केंद्राच्या यादीतला हक्क गमावला. महाराष्ट्राने स्थापनेनंतर नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, त्या रेषेच्या पलीकडे होत्या. येथल्या बापाने मग मुलाच्या नावापुढे दाखलखारीज रजिस्टरात ‘हिंदू महार’ लिहवले आणि घरी बुद्धवंदना शिकवली. असा मुलगा चार माणसांत आपले नाव सांगतानाही अडखळतो हे आम्ही जुन्या मंडळींकडून ऐकले आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एका अक्षराकडे पाहावे. ते अक्षर ‘ळ’. हिंदी लेखनात ते चालत नाही. मराठी शाळेच्या जुन्या रजिस्टरात ‘काळे’ असलेले आडनाव हिंदी कचेरीत ‘काले’ होते, ‘ढोबळे’चे ‘ढोबले’ होते. ‘माळी’ ही जात ‘माली’ होते, ‘कुणबी’ ‘कुनबी’. मराठी पद्धतीत आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम एका ओळीत येतो; हिंदी अर्जात वडिलांचे नाव निराळ्या रकान्यात जाते, आणि ओळीतले तिसरे नाव कोणाचे यावरून घोळ होतो. लग्नानंतर आईचे नाव बदलण्याची आपली रीत या घोळात भर घालते. जुना कागद मोडीत असला तर विचारायलाच नको. संगणकाला ही भाषाशास्त्रीय गंमत कळत नाही. त्याच्या लेखी काळे आणि काले हे दोन इसम. मग शपथपत्र, मग पंचनामा, मग पटवाऱ्याचा अहवाल, मग अनुविभागीय अधिकाऱ्याची सही, आणि तोवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपलेली. आमच्याकडे येणाऱ्या अडचणींत जात खोटी असल्याची शंका क्वचित असते. बहुधा एक अक्षर आडवे आलेले असते.

सर्वांत कठीण स्थिती पारध्यांची. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित यादीतल्या बहुतेक जमातींची प्रादेशिक बंधने काढली, पारध्यांची राहिली. मध्य प्रदेशाच्या यादीत पारधी ही जमात काही जिल्हे व तहसिलींपुरतीच आहे. त्यांत छिंदवाडा जिल्हा आहे; शेजारच्या बैतूल जिल्ह्यातली बैतूल, भैंसदेही ही नावे आहेत, मुलताईचे नाव नाही. पांढुर्ण्याच्या पलीकडे लगेच मुलताई लागते. म्हणजे एकाच बेड्यातल्या दोन भावांपैकी एक अलीकडे आदिवासी आणि दुसरा पलीकडे काही नाही. सप्टेंबर २००७ मध्ये मुलताईजवळच्या चौथिया येथील पारधी वस्ती जमावाने जाळली. घर जळते तेव्हा पेटीतला कागद आधी जळतो. ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली त्यातून सोडले, त्या जमातींपाशी जन्मनोंद, जमीन, कायमचा पत्ता यांचा अभाव असणे हा त्यांचा दोष नव्हे. २००८ साली आलेल्या रेणके आयोगाच्या अहवालानेही त्यांच्या कागदांच्या अभावाकडे लक्ष वेधले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. यादीतला शब्द ‘छिंदवाडा’ आहे. तो जुन्या जिल्ह्याच्या हद्दीने वाचायचा हे नव्या जिल्ह्याच्या प्रत्येक खिडकीवर लेखी पोहोचावे एवढी दक्षता प्रशासनाने घ्यावी.

या साऱ्याचा मनावर काय परिणाम होतो? आपल्याकडे या प्रश्नाला अजून संकोचाने हात घालतात. मुलगा गप्प झाला, वर्गात जाईना, जेवेना, तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडून देतात. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातील १५० बिनकागदी तरुणांचा बारा वर्षे मागोवा घेतला आणि २०१५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. शाळेत इतरांसारखीच वाढलेली मुले सोळा-अठराव्या वर्षी, पहिला अर्ज भरताना, आपल्यापाशी कागद नाही हे शिकतात आणि तेथून त्यांचे वय जणू थांबते, असे त्यांचे निरीक्षण. १९८२ च्या निकालाने तेथे शालेय शिक्षणाचा हक्क दिला होता, महाविद्यालयाचा नव्हे. म्हणून आघात नेमका त्या वयात होतो. आमच्या भागातही पहिली ते बारावी कोणी अडवत नाही. अडचण महाविद्यालयाच्या दारात सुरू होते. तीवर मुलांचा अनेकदा विश्वासच बसत नाही, आणि मग ती स्वतःलाच दोष देतात : आपल्याच बापाने कागद का जपला नाही?

कागद मिळाला तर मन बरे होते का, याचेही उत्तर तिकडे शोधले गेले. २०१२ साली तेथील सरकारने लहानपणी आलेल्या बिनकागदी तरुणांना तात्पुरते संरक्षण दिले. ओरेगॉन राज्यात, अशा संरक्षणास पात्र असलेल्या मातांच्या मुलांची नोंद तपासली असता, चिंता आणि समायोजनाच्या विकारांचे निदान झालेल्यांचे प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात छापला. लक्षात घ्या, मुले जन्माने नागरिकच होती. आईला कागद मिळाला आणि लेकराची झोप सुधारली, असे आमच्या भाषेत म्हणता येईल.

भाषेचा आणखी एक पदर येथे आहे. ‘धास्ती’, ‘घोर’, ‘घुसमट’, ‘जीव टांगणीला लागणे’ या चार अवस्था निरनिराळ्या आहेत. कचेरीत नाव पुकारले जाण्याआधी वाटते ती धास्ती. सहा महिने अर्ज पडून राहिला की लागतो तो घोर. हिंदीत ‘चिंता’ म्हटले की चारही एकात मिसळतात, आणि आपल्या मुलाला दुसऱ्याच्या भाषेत रडू येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे निर्देश दिले. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या महाविद्यालयांत तो येईल तेव्हा त्याला मराठी समजावी, ही मागणी आम्ही भाषेची म्हणूनही करतो आणि आरोग्याची म्हणूनही. तोवर शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आपल्या भाषेतला माणूस मागावा, संकोच करू नये.

चळवळीने मन हलके होते, असा आमचा अनुभव आहे, आणि चळवळीने मन मोडतेही. शिकागोत २०१० साली विद्यार्थ्यांनी चौकात उभे राहून ‘आमच्यापाशी कागद नाही’ असे जाहीर सांगितले. लाज एकट्याची होती ती दहा जणांत वाटली गेली. आपल्या शेजारी, नागपुरात, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाज विधानभवनावर असाच दाखल्याचा प्रश्न घेऊन गेला होता आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एवढी माणसे गमावलेल्या समाजाच्या पुढच्या पिढीतील विद्यार्थ्याला ‘धीर धर’ म्हणताना आमची जीभ अडखळते. हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या २०१६ मधील मृत्यूनंतर वर्षानुवर्षे चर्चा झाली ती त्याच्या जातीच्या कागदाची. हेही आमचे विद्यार्थी वाचतात आणि त्यातून काय शिकतात ते आम्ही पाहतो. म्हणून मोर्चापेक्षा आधी सोबत, असा क्रम आम्ही ठरवला आहे. तहसिलीत एकट्या मुलाने जाऊ नये. दोघा-चौघांनी जावे, एकाने अर्जाची पावती घ्यावी, एकाने तारीख लिहून ठेवावी. आणि परतताना त्या मुलाला चहा पाजल्यावाचून घरी सोडू नये.

अर्ज कोणत्या भाषेत करावा असे विचारले जाते. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाण्याचे निवेदन संघात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. दाखल्याचा विहित नमुना हिंदीत भरावा, वाद कशाला. पण सोबतचे गाऱ्हाणे मराठीत लिहावे आणि त्यात ‘ळ’ हे अक्षर जेथे आहे तेथे ठळक लिहून, ‘काळे व काले ही एकच व्यक्ती’ असे स्पष्ट म्हणावे. १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याक संरक्षणयोजनेत, ज्या क्षेत्रात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत असे आहे. सौंसरमध्ये जातीच्या दाखल्याची नियमावली मराठीत लावलेली कोणी पाहिली असल्यास आम्हांस कळवावे.

एक काम मात्र निवेदनाने होणार नाही, ते हातांनीच करावे लागेल. १९५० च्या आसपासचा सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे जुन्या मराठी प्राथमिक शाळांची दाखलखारीज रजिस्टरे. त्यांत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, तारीख हे सारे एका ओळीत आहे. मराठी शाळा बंद होतात वा हिंदी शाळेत मिसळतात तेव्हा ही रजिस्टरे कोठल्या कपाटात जातात याची दाद लागत नाही. वाळवी आणि पावसाळा यांना तर जिल्हा कोणता हे कळत नाही. येत्या प्रवेशांच्या आधी, उन्हाळ्याच्या सुटीत, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने प्रत्येक गावातल्या रजिस्टरांची पाने छायाचित्रित करावीत, मोडी असेल ते बाळबोधीत उतरवावे, आणि एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. मोडी वाचणारे दोन वृद्ध गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. दोघांचीही नजर मंदावली आहे, म्हणून पाने मोठी करून छापून न्यावी लागतील.